हिरव्या पट्ट्यांची गोळी

ओडालिस ब्रॉन्क्समधल्या दोनच वर्षं शिकवणाऱ्या साध्या कॉलेजातून या बड्या बिझनेस कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला आली होती. आज बँकवाले मुलं निवडायला आले होते. तिच्या कोटाच्या खिशात जुन्या कॉलेजातल्या क्रॉलीबाईंनी तिथून निघताना हातावर ठेवलेली हिरव्या पट्ट्यांची पेपरमिंटची गोळी होती. “दुसऱ्या कॉलेजातून मध्येच घुसलेले ना, स्वस्तातल्या कोटावरूनच ओळखू येतात,” शेजारचा कॉनर खिदळला. इतक्यात बँकेच्या मॅडम समोर आल्या. “पहिल्यापासून इथेच का गं?” “हो,” ओडालिस बोलून गेली. “हं. मी ब्रॉन्क्सच्या कॉलेजातून आलेली. दरवर्षी तिथलं कुणी दिसतंय का बघते, बँकेत न्यायला.” मॅडमनी पर्समधून हिरव्या पट्ट्यांची गोळी काढली. “आमच्या क्रॉलीबाई परीक्षेआधी वाटायच्या. खाल्लीयस कधी?” कॉनर बघत होता. खिशातली गोळी मुठीत आवळत ओडालिस म्हणाली, “नाही, मॅडम.” “मग घे की,” म्हणत मॅडमनी ती तिच्या रिकाम्या हातावर ठेवली.