भुलाबाईची साक्ष

“आई, मॅडम विचारतात, भुलाबाईच्या गाण्यांत असतं तरी काय?”

मोबाइलवर पूनम दिसत होती. तिच्या शेजारी न्यूझीलंडच्या सरकारी कचेरीतली चष्मेवाली मॅडम. इकडे नांदुऱ्याला पूनमच्या सासूबाई, कोकिळाबाई, ठेवणीतलं पातळ नेसून बसलेल्या. तिथल्या वऱ्हाडी बायांनी चार वर्षं एकच ध्यास घेतला होता, भुलाबाईला त्या देशाच्या सणांत जागा मिळावी. सगळं झालं होतं. उरली होती गावाकडच्या जाणत्या बाईची साक्ष. ती पटली नाही तर चार वर्षं पाण्यात. आणि बोलण्यात कोकिळाबाईंचा हात कोण धरणार? रेल्वेचं फाटक दोनदा उघडावं, तरी बाईंचं एक वाक्य संपत नसे.

“सोपं हाये,” त्या म्हणाल्या. “भुलाबाई म्हंजे पार्वती. महिनाभर माहेरी येते. पोरी तिच्यापुढं गानी म्हनतात. गान्यातली सून म्हनते, मले माहेरी जाऊ द्या. सासू म्हनते, आधी दळन कर, मंग जाय. दळन झालं का म्हनते, आधी शेवया कर, मंग जाय. लई खट असते सासू.”

पूनमनं इंग्रजीत सांगितलं. मॅडम हसल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. पूनम जरा घुटमळली.

“आई, त्या विचारतात, मग शेवटी ती सून माहेरी जाते का?”

कोकिळाबाई बोलायला गेल्या आणि त्यांना आपलंच घर आठवलं. गेल्या दिवाळीत पूनम आली होती. तिचं माहेर संग्रामपूरला, जेमतेम तासाभराचा रस्ता. पोरीनं बॅग भरली, तर ह्या म्हणाल्या, आधी पाहुणे जेवू दे, मग जा. मग रोहिणखेडचं लग्न निघालं. मग घरची पूजा. सुट्टी संपली. पूनमची आई, अन्नपूर्णाबाई, नांदुरा स्टेशनवर येऊन खिडकीतूनच लेकीला भेटून गेली. त्याच्या आदल्या खेपेलाही तेच. पोरीनं कधी चकार शब्द काढला नाही. दर रविवारी फोन करून सासूच्या गोळ्यांची चौकशी मात्र चुकली नाही. एवढ्या मोठ्या कामाची साक्ष मागायलाही ती सासूकडंच आली. कोकिळाबाईंना लाज वाटली, आणि या पोरीचे उपकार कसे फेडावे तेही कळेना.

“सांग तिले,” त्या म्हणाल्या, “गान्यातली काई जात नाई. पन आमची जाईन. औंदा भुलाबाईले पूनम सरळ संग्रामपूरले जाईन. नांदुऱ्याले मंग.”

पूनमला ते इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला.

भादव्यात, घरोघरी भुलाबाई बसल्या त्या आठवड्यात, एका दुपारी कोकिळाबाईंचा फोन वाजला. संग्रामपूरहून अन्नपूर्णाबाई बोलत होत्या.

“इहीनबाई, पूनमच्या मैत्रिणीचा तिकडून फोन आला. तिच्या मोबाइलवर मीच घेतला. भुलाबाईले मान्यता भेटली म्हनते.”

“अन् पूनम काय म्हनते?”

“तिले ठावूकच नाई अजून. जेवली अन् माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उठवू का?”

कोकिळाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

“नका उठवू,” त्या म्हणाल्या. “झोपू द्या तिले. माहेरी हाये ते.”