पारोसा गोऱ्हा

निरोप मिळताच सायकल हाणत वलगावला आलेले ढोरांचे डॉक्टर गोठ्याच्या उंबऱ्यावरच मटकन बसले. गोऱ्ह्याच्या मोडलेल्या पायाला त्यांनी घातलेलं प्लास्टर भिजून लिबलिबीत झालं होतं आणि जुळू लागलेलं हाड निसटलं होतं. "उद्या पोळा हाये, साहेब," गोऱ्ह्याचा धनी पुंजाजी खालमानेनं म्हणाला. "पारोसा कसा पुजू त्याले? नदीवर नाई नेला, दारातच घासून धुतला." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दरसाल पोळ्याच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या गावात हेच, आणि आता डॉक्टरांच्या अंगात रागावण्याचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी ओलं प्लास्टर काढून हाड बसवलं आणि प्लास्टरच्या नव्या पट्ट्या भिजवल्या. गोऱ्ह्याचा पाय पुंजाजीच्या मांडीवर होता, खुराशी आणि गुडघ्याशी घट्ट धरलेला. "सकायी निसटलं तवापासून असाच बसलो. हाड आनखी हालू देलं नाई." प्लास्टर वाळलं. "सोडा आता," डॉक्टर म्हणाले. पुंजाजीची बोटं उघडेनात. मग डॉक्टरांनीच ती एकेक सरळ केली.