शोध सुरू आहे

"करायचंच का, काका?" सरकारी शवागाराच्या कचेरीत संगणकावर बसलेल्या कारकून मुलीने शिंप्याला विचारलं.

"त्यांना काय विचारतेस? दाब बटण," शिंपीण म्हणाली.

टेबलावर त्यांच्या मुलाचा फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेला, म्हणून केस विंचरलेले. एरवी त्या डोक्याला कंगवा ठाऊक नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडून पोरगं घराबाहेर पडलं, ते परतलंच नव्हतं.

यंत्रात ओळख न पटलेल्या मृतदेहांचे फोटो होते. नातेवाइकांनी ओळखलं की तो फोटो निघायचा, उरायचे ते बेवारस. त्या सगळ्यांशी आता पोराचा चेहरा ताडून बघायचा होता.

"हिरवी पट्टी पूर्ण भरली आणि काहीच आलं नाही, तर तो यांच्यात नाही," मुलगी म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

रोज चौकशीला शिंपी एकटाच यायचा. आज सकाळी दुकान उघडायला म्हणून गेला तो दुपारच्या आत घरी परतला, तर ही चपला घालून तयार. त्याने नाही नाही ते बहाणे करून पाहिले. पण ती कसली ऐकते!

"बसा ना, काका."

"उभाच बरा आहे."

पट्टी गोगलगायीच्या चालीने निघाली. निम्म्यावर अडकली, तसा शिंपिणीने त्याचा हात गच्च धरला.

"अहो, थांबली का?"

"यंत्र आहे, दम खातं." तो म्हणाला. पडद्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बायकोच्या तोंडाकडे बघत होता आणि मनातून पार हादरला होता.

"शिलाई शिकत नाही म्हणाला, तर त्यात एवढं काय आभाळ कोसळलं होतं?"

"अगं, पुरे."

"बरं, नाही बोलत. पण आला की आधी तुम्ही बोलायचं त्याच्याशी. बापपणा मिरवायचा नाही."

"बोलेन."

पट्टी पुन्हा हलली. शिंपिणीने डोळे मिटून घेतले आणि पुटपुटत राहिली. शेवटचा तुकडा भरायला जीव खाल्ला त्या यंत्राने.

"जुळणारा चेहरा नाही," मुलीने पडद्यावरचं वाचून दाखवलं.

शिंपीण आधी हमसून रडली, मग हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"म्हणत नव्हते मी? बसला असेल कुणा मित्राकडे तोंड फुगवून. पोटात कावळे ओरडले की येईल मुकाट्याने!" बहिणीला फोन लावत ती बाहेर पळालीच.

शिंपी तिच्यामागे निघाला. दारापाशी मुलीने त्याला गाठलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"काका, सकाळी तुम्ही ओळख पटवलीत, पण त्याला न्यायला कधी येताय?"