आतल्या अंगाला

पितांबरची मोटार घडीच्या टपाची, दोघांपुरती आणि हलकी. भरधाव वळली की बाहेर घसरायची. शेजारच्यानं आतल्या अंगाला झुकलं तरच ताब्यात राहायची. सुनेनं उघड्या मोटारीत बसणं आईला कधी खपलं नाही. आज त्याच्या बायकोला, शेवंताला, कापसाच्या ढिगात साप चावला, तेव्हा त्याच आईनं तिला मोटारीत बसवलं आणि स्वतः मागच्या सामानाच्या कप्प्यात शिरली. धुळ्याचा दवाखाना लांब. “वळण आलं, झुक,” पितांबर सांगायचा. शेवंता झुकायची. “वारा चांगला लागस,” ती हसून म्हणाली. मग पारोळ्यापुढच्या वळणावर तो ओरडला, “अगं, झुक!” मोटार घसरत पार कडेच्या बाभळीपर्यंत गेली. त्यानं हातातलं चाक ओढून ती कशीबशी सरळ केली. शेवंता झुकलीच नव्हती; शेजारी न बघताच त्याला कळलं, आता ती झुकणार नाही. त्याचा वेगावरचा पाय ढिला पडला. “हळू कसाले करस? पयाड गाडी!” मागून आई ओरडली. त्यानं पुन्हा वेग वाढवला.