पार्कातला पहारा

डर्टबाइक नातीला, उर्वीला, चाटून गेली आणि शोभाताईंनी पायातली चप्पल भिरकावली. नेम चुकला. नंबरप्लेट नसलेलं ते चिखलाने माखलेलं धूड पार्कातली हिरवळ उखडत फुटपाथवर चढलं आणि घरांच्या मधल्या वाटेने पसार झालं.

"आजी, यू मिस्ड!" उर्वी खिदळली.

परदेशात, टार्निटला लेकाकडे येऊन शोभाताईंना वर्ष झालं होतं. शेजाऱ्यांच्या गाड्या त्या ओळखत, शेजारी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या घरातून कुणी बाहेर आलं. एकटा राहणारा कॉलिन त्यांची चप्पल घेऊन आला आणि त्या बाइकवाल्या पोरांच्या नावाने बोटं मोडत तिथेच अर्धा तास उभा राहिला.

"आई, तू मध्ये पडू नकोस," संध्याकाळी यतीन म्हणाला. "पोलीस बघतील."

"बघू देत की. तोवर मीही बघते."

शनिवारी दुपारी शोभाताईंनी पार्काच्या मधोमध घडीची खुर्ची टाकली. सोबत चहाचा थर्मास आणि डबाभर चिवडा. कॉलिन स्वतःची खुर्ची घेऊन आला. मग कोपऱ्यावरची नीला आली, पलीकडचे सिंग पती-पत्नी आले. बघता बघता सगळी गल्ली गवतावर बसली.

बाइकवाले आले, एवढी माणसं आणि रोखलेले मोबाइल बघून कडेलाच थबकले आणि वळून पळाले. व्हिडिओ पोलिसांकडे गेले. दोन-तीन शनिवार असेच गेले आणि एक दिवस बातमी आली, पोरं सापडली, बाइक जप्त झाल्या.

पार्कात जल्लोष झाला. सिंगबाईंनी जिलेबी वाटली.

पुढच्या शनिवारी शोभाताई थर्मास घेऊन गेल्या, तर पार्क रिकामा. नीलाने गाडीच्या काचेआडून हात हलवला आणि ती निघून गेली. कॉलिनचे पडदे ओढलेले.

"काय मस्त शांत झालंय ना, आई?" सून मयूरा म्हणाली.

"हो ना," शोभाताई म्हणाल्या आणि थर्मास वरच्या फळीवर ठेवला.

असेच काही आठवडे गेले. मग एका शनिवारी दुपारी खिडक्यांची तावदानं थरथरली. ढर्रर्र!

फटाफट दारं उघडली. सगळ्यांच्या आधी रस्त्यावर कॉलिन. "दे आर बॅक!" तो ओरडला. "तुम्ही बसून लक्ष ठेवा, मी मागच्या बाजूने बघून येतो!"

पुन्हा खुर्च्या आल्या, चिवडा आला. घरांवर आपटून घुमणारा तो आवाज नक्की कुठून येतोय ते कुणालाच कळेना. बाइक काही दिसली नाही. थोड्या वेळाने कॉलिन धापा टाकत आला. "निसटला, मेट!"

मग दर शनिवारी तेच. पोलिसांची गाडीही एकदा येऊन गेली. त्यांनी फेरी मारली, काही सापडलं नाही, चहा मात्र घेतला. नीलाला गुडघ्यावरचं तेल मिळालं, सिंगबाईंना चिवड्याची कृती. यतीनही लॅपटॉप मिटून येऊन बसायला लागला.

एका शनिवारी आवाज सुरू झाला तसे लोक जमू लागले. शोभाताई कप विसरल्या होत्या, म्हणून घराकडे वळल्या. कॉलिनच्या घरासमोर आल्या तर आवाजाने कान बधिर व्हायची वेळ. गॅरेजचं शटर अर्धवट वर होतं. त्या वाकल्या.

आत विटांवर चढवलेली, चाकं नसलेली जुनी मोटरसायकल होती. तिच्यावर बसून कॉलिन जीव खाऊन ॲक्सिलरेटर पिळत होता. शोभाताई दिसताच त्याचा हात सुटला. इंजिन गपकन बंद पडलं. तो कानापर्यंत लाल झाला.

शोभाताईंनी मागे वळून पार्कावर एक नजर टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"व्हाय स्टॉप, कॉलिन? कॉर्नर हाउस नीला नॉट कम येट!"