वरच्या आळीचं पाणी

फ्लुरिनने पहारीने गटाराच्या चेंबरचं झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि एक कचकचीत शिवी हासडली. पाणी पांढरट होतं, आंबूस. खालच्या आळीतली झाकणं त्याने आधीच उघडून पाहिली होती, तिथे काही नव्हतं. म्हणजे हे वरूनच येत होतं.

वरच्या आळीत जोडण्या दोनच. ओर्नेलाची डेअरी आणि फ्लुरिनच्या आईचं घर. दोन्हींचं पाणी याच चेंबरमध्ये पडायचं. आई ऐंशी उलटलेली, एकटी. ती दोन ताटल्या धुऊन असं किती पाणी सांडणार? त्याने झाकण दाणकन खाली टाकलं. त्याच्यापुरता निकाल तिथेच लागला होता.

गावाखाली ओढ्याच्या काठी सांडपाणी साफ करायचं केंद्र होतं, ते फ्लुरिन सांभाळायचा. टाकीत सतत हवा सोडायची, जंतू मैला खातात, ओढ्यात स्वच्छ पाणी जातं. पण चीज काढून उरलेलं पाणी टाकीत आलं की जंतू त्यावर अधाशासारखे तुटून पडतात, टाकीतली हवा संपते आणि सगळे गुदमरून मरतात. या उन्हाळ्यात दोनदा मेले होते. ओढ्याला फेस आला, मासे उलटे झाले. पुन्हा असं झालं तर केंद्राला टाळं लावू आणि गावचं सांडपाणी नळाने दरीतल्या शहरात नेऊ, असं अधिकारी बजावून गेले होते. मग फ्लुरिनने काय करायचं? या वयात त्याला कामाला कोण ठेवणार?

चीजचं पाणी गटारात सोडायचं नाही, डुकरांना घालायचं, ही गावची जुनी रीत. आता डुकरं पाळणारं घर एकच उरलं होतं, त्याच्या आईचं, बार्लाचं. ओर्नेला रोज सकाळी कॅन घेऊन यायची आणि गोठ्यात ठेवून जायची. फ्लुरिनला मात्र तिकडे मज्जाव होता. आई म्हणायची, तुझ्या अंगाला टाकीचा वास येतो, माझी डुकरं बिचकतात.

गेल्या हिवाळ्यात ती बर्फावर घसरून पडली, तेव्हा त्याने स्पष्टच सांगून टाकलं होतं. डुकरांचं करता येतंय तोवर इथे राहा. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी खालच्या वृद्धाश्रमात. मायेपोटीच बोलला होता, आणि बरोबर बोललो असं त्याला आजही वाटत होतं.

तो तसाच आईकडे गेला.

"ओर्नेला सगळं पाणी आणते का गं तुझ्याकडे?"

आईने विणकामातून मान वर केली नाही. "पूर्वीइतकं आता कुठे आणते?"

एवढं त्याला पुरे होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर शाळेत गावसभा भरली. डेअरी गावाच्या मालकीची, ओर्नेला ती करारावर चालवायची; तो करार मोडायचा की ठेवायचा हे गाव ठरवणार. घाटापलीकडच्या बाईला आपल्या रीती काय कळणार, असं दोघाचौघांनी सुनावलं. तिचं चीज मिटक्या मारत खाणारेच होते ते. फ्लुरिनने चेंबरमध्ये काय दिसलं ते सांगितलं, आईचं म्हणणंही सांगितलं. सरपंच प्लाचीने ओर्नेलाला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

ओर्नेलाने बार्लाकडे पाहिलं. बार्ला शालीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

"आजी म्हणतात तसंच असेल," ओर्नेला म्हणाली.

मग विचारायचं काय राहिलं? हात वर झाले. फ्लुरिनचा सगळ्यांत आधी. आईचाही झाला, जरा उशिराने.

ओर्नेला गाडीत सामान भरत होती तेव्हा फ्लुरिन किल्ल्या घ्यायला गेला. ती भांडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने मुकाट्याने किल्ल्या दिल्या.

"आजींकडे लक्ष ठेवा," ती म्हणाली.

"माझी आई आहे ती. मला शिकवू नकोस."

टाकी सुधारली. पाण्याचा वास गेला, फेस बसला. फ्लुरिनला बऱ्याच दिवसांनी निवांत झोप लागली. मग त्याच्या ध्यानात आलं, डेअरी बंद, आता आईची डुकरं खाणार काय? त्याने भरड्याचं पोतं विकत घेतलं आणि खांद्यावर टाकून वर निघाला.

आई खिडकीत होती. "दारातच ठेव रे. मी घालते मागाहून."

"तुला उचलणार आहे का हे?" असं म्हणत तो थेट गोठ्याकडे वळला आणि खांद्यानेच दार ढकललं.

आत डुकरं नव्हती. जमीन झाडून लख्ख केलेली, कोरडी. ओर्नेलाचे रिकामे कॅन भिंतीशी पालथे घातलेले, आणि मोरीच्या तोंडाभोवती पांढरी आंबूस खपली धरलेली. पोतं त्याच्या खांद्यावर तसंच राहिलं. मागून काठीचा आवाज आला.

"वसंतातच विकली," आई म्हणाली. "आता खाली कधी नेऊन सोडतोस मला?"