हारवाल्या दिवशीचे तारे

टँकरने माझ्या गाडीचं दार आत ढकललं, तेव्हा मी आतच बसले होते. तरी विमा कंपनी म्हणते, दार आधीपासूनच चेपलेलं होतं. क्लेम नामंजूर!

माझं डोकंच फिरलं. लोकांनी भरभरून दिलेले पाच-पाच तारे बघूनच मी ही कंपनी निवडली होती. म्हटलं, आता एक तारा देते आणि यांची लक्तरं वेशीवर टांगते. अ‍ॅप उघडलं, तर म्हणे, ‘तुम्ही आधीच मत नोंदवलं आहे.’ पाच तारे! तारीख गाडी घरी आणली त्या दिवशीची.

तेव्हा आठवलं. मी बॉनेटवर स्वस्तिक काढत होते, बोटं कुंकवाने भरलेली. सेल्समनने माझा मोबाइल मागून घेतला होता. “राहू द्या मॅडम, मीच दाबतो.”

रिक्षा केली आणि तडक शोरूम गाठलं. एक काका-काकू हार घातलेल्या नव्या गाडीची पूजा करत होते. काका चाकाखाली लिंबू ठेवायला वाकले होते, आणि तोच सेल्समन हात पुढे करून उभा. “काका, मोबाइल द्या जरा. विमा कंपनीला पाच तारे देऊन टाकू.”

“देऊ नका, काका!” मी ओरडले. “गाडी कुणी ठोकेल ना, त्या दिवशी द्या तारे!”

काकांचा खिशाकडे गेलेला हात थांबला. काकू मात्र भडकल्या. “अहो बाई, शुभ दिवशी हे काय बोलताय?”

“शुभ दिवशीच तर येतात हे तारे मागायला! अशुभ दिवशी फोनसुद्धा उचलत नाहीत, काकू.”